परिचर्येच्या शिक्षणात अध्यात्म : केअर प्लॅनमधल्या त्या एका रकान्याचे काय करायचे?

वाशीची ट्यूटर

बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे केअर प्लॅन, म्हणजे एकेका रुग्णाच्या परिचर्येचे लेखी आराखडे, तपासताना एक गोष्ट मला दरवर्षी खटकते, म्हणून हा धागा काढत आहे. रुग्णाच्या माहितीच्या तक्त्यात ‘आध्यात्मिक गरजा’ असा एक रकाना असतो. त्यात जवळपास प्रत्येकीने एकच ओळ लिहिलेली असते : ‘रुग्ण हिंदू आहे, देवावर श्रद्धा आहे.’ रुग्ण मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर धर्माचे नाव तेवढे बदलते. एकाचा पाय मधुमेहामुळे कापावा लागलेला असतो, दुसरीचे बाळ जन्मतःच गेलेले असते, तरी या रकान्यातला मजकूर जागचा हलत नाही. त्याच मुलींनी वरच्या रकान्यांत नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, जखमेची लांबी-रुंदी सगळे चोख लिहिलेले असते. तेव्हा हा आळस नव्हे. इथे नेमके काय पाहायचे हे त्यांना कोणी दाखवलेलेच नाही.

विषय अभ्यासक्रमात नाही, असेही म्हणता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमात नर्सिंग फाउंडेशन या पायाभूत विषयात सांस्कृतिक विविधता आणि अध्यात्म हा भाग आहे. परिचर्येच्या अभ्यासक व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या रुग्णाच्या १४ मूलभूत गरजा मुलींना तोंडपाठ असतात आणि आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येणे ही त्यांतली ११वी गरज आहे. दुसऱ्या अभ्यासक बेटी न्यूमन यांच्या परिचर्येच्या मॉडेलमध्ये शारीरिक, मानसिक, सामाजिक-सांस्कृतिक आणि विकासात्मक घटकांच्या जोडीला आध्यात्मिक घटक स्वतंत्रपणे मांडलेला आहे. परिचर्या निदाने ठरवणाऱ्या ‘नांदा’ (NANDA) या संस्थेच्या सूचीत तर ‘आध्यात्मिक क्लेश’ हे रीतसर परिचर्या निदान आहे. परीक्षेत हे सारे लिहून गुण मिळवले जातात. वॉर्डातल्या वहीत मात्र वेदना, चिंता, संसर्गाचा धोका या नेहमीच्या निदानांपलीकडे कोणी जात नाही.

चर्चा भरकटू नये म्हणून माझे मत आधीच सांगून ठेवते. परिचारिका स्वतः किती धार्मिक आहे, हा प्रश्न मला इथे गैरलागू वाटतो. या आजारात रुग्णाला कशाचा आधार वाटतो, कशामुळे तो आतून खचला आहे आणि त्याच्या श्रद्धेचा उपचारांशी कुठे संबंध येणार आहे, हे विचारता येणे, मध्ये न बोलता ऐकून घेता येणे आणि पुढच्या पाळीला उपयोगी पडेल असे लिहिता येणे, हे एक कौशल्य आहे. कौशल्य म्हटले की इंजेक्शनप्रमाणेच ते आधी शिक्षकाने खाटेजवळ करून दाखवले पाहिजे आणि मग विद्यार्थिनीकडून करवून घेतले पाहिजे. आपल्याकडे ते एका व्याख्यानात उरकतात आणि उरलेले ‘सेवाभाव ठेवा’ या उपदेशावर सोपवतात. ठाणे आणि नवी मुंबईच्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांनी, शिकणाऱ्यांनी आणि रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांनीही जरूर लिहावे.

पाळीवाली

मॅडम, मुद्दा मान्य आहे, पण वॉर्डाची स्थितीही नोंदवून ठेवते. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयात ३ रुग्णांमागे एक आणि साधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका हवी. मी पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात आहे. रात्री आम्ही दोघीच असतो आणि पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचे रुग्ण वाढले की दोन खाटांच्या मधल्या जागेतही गाद्या पडतात. इंजेक्शनचा ट्रे हातात असताना एखादे काका ‘सिस्टर, मी असे काय पाप केले होते हो?’ असे विचारतात, आणि ‘असे बोलू नये काका, बरे व्हाल’ एवढे म्हणून सिस्टर पुढे सरकते, कारण पलीकडच्या खाटेवरचे सलाईन संपत आलेले असते. तिला मन नसते असे कृपया कोणी समजू नये.

मुलींना शिकवायचेच असेल, तर ट्रे हातात असताना मिनिटभरात काय करता येते ते शिकवा. खुर्ची ओढून अर्धा तास बसा, असे सांगणारे धडे पहिली नोकरी लागताच गळून पडतात.

निरीश्वर ठाणेकर

माझा या विषयालाच विरोध आहे आणि तो मी सौम्य शब्दांत मांडायचा प्रयत्न करतो. रुग्णालय ही विज्ञानाच्या आधारे चालणारी जागा आहे. प्रार्थनेने रुग्णाला फरक पडतो का, याची तपासणी होऊन गेलेली आहे. अमेरिकेतील ६ रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनोळखी लोकांनी रुग्णांसाठी प्रार्थना केल्या. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांत गुंतागुंत उद्भवली. ज्यांना ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असे सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले.

अध्यात्म या नावाखाली दार उघडले की मागून अंगारे, ताईत आणि भगत हेही आत येणार. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवावा लागला. ज्या समाजाला असा कायदा करावा लागतो, तिथल्या परिचारिकांना तरी या वाटेला लावू नये. आणखी एक साधी शंका आहे. उद्या मी दाखल झालो आणि माझा कोणत्याच देवावर विश्वास नसला, तर त्या रकान्यात काय लिहिणार? ‘गरज नाही’?

वाशीची ट्यूटर

@निरीश्वर ठाणेकर, तो अभ्यास मला ठाऊक आहे आणि मी तो वर्गात सांगते. परंतु दूरच्या माणसाने केलेल्या प्रार्थनेने हृदयाची गुंतागुंत टळते का, हा त्याचा प्रश्न होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णाला झोप का लागत नाही, हा परिचारिकेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या अभ्यासात शोधून सापडणार नाही.

परिचारिकेने प्रार्थनेचा पुढाकार घ्यावा असे मी म्हटलेले नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली एका परिचारिकेने वृद्ध रुग्णाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असे विचारले आणि त्यावरून तिला निलंबित करण्यात आले; बराच गदारोळ झाल्यावर २००९ मध्ये तिला परत घेतले. निलंबन मला अतिरेकी वाटते, पण तिने विचारायला नको होते असेही वाटते, कारण खाटेवर पडलेल्या माणसाला आपल्या सिस्टरला ‘नको’ म्हणणे फार जड जाते. रुग्णाने आपणहून विचारले तर गोष्ट निराळी, आणि तिथेही परिचारिकेला हात जोडून नुसते उभे राहण्याची किंवा दुसऱ्या कोणाला बोलावण्याची मोकळीक असावी.

तुमचा रकाना मात्र मी रिकामा ठेवणार नाही. ‘कोणतेही धार्मिक विधी नकोत. घरच्यांनी मनगटाला दोरा बांधू नये अशी इच्छा. नेत्रदान व देहदानाचे अर्ज भरलेले आहेत, कागद मुलीकडे आहेत’ असे त्यात असू शकते. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. रात्रपाळीच्या सिस्टरला हे लिहिलेले सापडले नाही, तर तुमची आयुष्यभराची निष्ठा गावाकडून येणाऱ्या एखाद्या काकांच्या आग्रहापुढे वाहून जाईल. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या आचारसंहितेत व्यक्तीचे हक्क, मूल्ये, चालीरीती आणि आध्यात्मिक धारणा यांचा आदर राखण्याची जी अपेक्षा आहे, ती श्रद्धाळू माणसापुरती नाही.

निवृत्त परिसेविका

मी शासकीय सेवेत अधिपरिचारिका होते आणि पुढे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख, झाले. निरीश्वर यांनी अंगारा आणि ताईत यांचे नाव काढले आहे, तर तिथूनच सुरुवात करते, कारण वॉर्डात अध्यात्म येते ते बहुतेक वेळा वस्तूंच्या रूपाने. उशीखाली देवाचा फोटो, मनगटाला काळा दोरा, तान्ह्याच्या कमरेला करगोटा, आगरी-कोळी घरातला रुग्ण असेल तर एकवीरेचा अंगारा, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी हमखास मंगळसूत्र.

मंगळसूत्र का काढायचे, याचे कारण सांगायला हवे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारी कॉटरी वापरतात आणि अंगावर धातू राहिला तर त्या जागी भाजण्याचा धोका असतो. ‘काढा, नियम आहे’ असे म्हणायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्याच वेळात ‘हे यजमानांच्या हातात देऊ या, बाहेर आलात की लगेच घालतील’ असेही म्हणता येते. काही बायका तेवढ्या वेळापुरता हळकुंड बांधलेला पिवळा दोरा गळ्यात ठेवू का, असे विचारतात. मानेची शस्त्रक्रिया नसेल तर भूलतज्ज्ञांना विचारून बहुधा तो चालवून घेता येतो. गळ्याऐवजी मनगटाला बांधायलाही पुष्कळ जणी तयार होतात. विचारल्याशिवाय कात्रीने कापून टाकलेला दोरा मात्र त्या बाईच्या आणि तिच्या सासूच्या मनात कायमचा राहतो, आणि पुढे जखम चिघळली तर तिचे कारणही तिथेच शोधले जाते.

दुसरा प्रसंग अखेरच्या वेळचा आहे. रुग्णाची गिळण्याची शक्ती गेलेली, नाकातून पोटात घातलेली राईल्स ट्यूब, आणि मुलगा गंगाजलाची बाटली आणि तुळशीचे पान घेऊन उभा. नवखी सिस्टर घाबरून ‘तोंडात काही घालू नका’ असे ओरडते. तिची भीती खरी आहे, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. पण मुलाची घाईही खरी आहे. अशा वेळी काय करायचे ते मी मुलींना करून दाखवत असे. खाटेची डोक्याकडची बाजू थोडी उचलायची आणि रुग्णाला कुशीवर वळवून तोंड किंचित खाली येईल असे बघायचे. गॉझचा बोळा गंगाजलात बुडवून घट्ट पिळून घ्यायचा, तो मुलाच्याच हातात द्यायचा आणि त्याचा हात धरून तो ओठांवरून आणि गालाच्या आतल्या बाजूने फिरवायला लावायचा. तुळशीचे पान जिभेवर सोडायचे नाही, ओठांना टेकवून काढून घ्यायचे. तोंडाची स्वच्छता आपण रोज करतोच, त्यातल्याच या हालचाली आहेत. रुग्ण गुदमरत नाही आणि ‘शेवटचे पाणीसुद्धा पाजू दिले नाही’ असे म्हणत कोणाला पुढची वर्षे काढावी लागत नाहीत. हे नर्सिंग फाउंडेशनच्या प्रात्यक्षिकात शिकवायला काहीच हरकत नसावी. सरावाच्या पुतळ्यावर तोंडाची स्वच्छता शिकवतोच, तिथेच दाखवून टाकायचे.

पाळीवाली ताई, ‘काका, बरे व्हाल’ या उत्तराबद्दल एक गंमत सांगते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या परिचर्येवरच्या १८५९ सालच्या छोट्या पुस्तकात, रुग्णाला पोकळ दिलासा आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांचा समाचार घेणारे एक अख्खे प्रकरण आहे. रुग्णाला आपली अवस्था कळत असते. ‘काही होणार नाही’ म्हणणारा माणूस त्याला अधिक एकटे पाडतो. ‘पाप’ म्हणणाऱ्या काकांना एवढेच म्हणावे, ‘काका, हे तुमच्या मनात कधीपासून घोळते आहे? मी एवढी इंजेक्शने देऊन येते, मग सांगा.’ आणि खरोखर परत यावे. यायला जमणार नसेल तर येते असे म्हणू नये, दुसरीला सांगून जावे.

पाळीवाली

परिसेविका मॅडम, हे जमण्यासारखे आहे. रात्री दोनच्या फेरीत वॉर्ड शांत असतो आणि जे जागे असतात ते बहुतेक याच कारणाने जागे असतात.

मुंब्र्याहून

मी नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात मेडिसिन विभागात आहे. रमजानमध्ये आमच्याकडे मधुमेहाचे रुग्ण रक्तातली साखर एकदम उतरून किंवा फार चढून येतात. त्यांतल्या कित्येकांनी रोजे धरणार असल्याचे कोणाला सांगितलेले नसते, कारण सांगितले की ओरडा बसेल हे त्यांना पक्के ठाऊक असते. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे, ही गोष्ट त्यांना माझ्याकडून ऐकून नवी वाटत नाही. सवलत घेतली तर आपण कमी पडलो असे वाटते, ही त्यांची खरी अडचण आहे. रमजानच्या आधीच ओपीडीत ‘या वर्षी रोजांचे काय ठरवले आहे?’ एवढे विचारले तर डॉक्टरांना इन्शुलिनची मात्रा आणि वेळा आधी बसवून देता येतात, आणि ज्याने रोजे मुळीच धरू नयेत त्याला इमामांशी बोलायला वेळ मिळतो.

औषधांचाही विचार व्हावा. पायातल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे एनोक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून तयार होते, आणि कॅप्सूलचे कवच बहुधा जनावरांच्या जिलेटिनचे असते. हे कळल्यावर जीव वाचवण्यासाठी घ्यायला बहुतेक रुग्ण तयार होतात, पण विचारले असते तर बरे झाले असते, असेही म्हणतात. जैन रुग्णांचे सूर्यास्तानंतर काही न घेणे हेही असेच आहे. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून थोड्या अलीकडे आणता येतात. ही माहिती केस शीटवर पहिल्याच दिवशी यावी.

एक सावधगिरी मात्र हवी. नाव वाचून गृहीत धरू नये. माझ्या धर्माचे किती तरी रुग्ण नमाज पढत नाहीत, आणि मी त्यांच्यासाठी खाटेची दिशा विचारत बसले तर त्यांना अवघडल्यासारखे होते. आधी विचारावे, मग करावे.

हिशोबी ब्रदर

इतके सगळे वाचल्यावर कडू बोलणे भाग आहे. दर १२ मे रोजी परिचारिका दिनाला आमच्याकडे ‘सेवा हाच धर्म’ असा फलक लागतो, दिवे पेटवले जातात, आणि पगारवाढीचा अर्ज त्याच टेबलाच्या खणात पडून असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचे वेतन मिळावे. ठाण्यातल्या गल्लीबोळांतल्या नर्सिंग होममध्ये जाऊन विचारा, काय मिळते ते.

त्यामुळे अध्यात्माचा तास ठेवायचा असेल तर त्यात परिचारिकेच्या सहनशीलतेचे गोडवे गाऊ नका. रुग्णाच्या आध्यात्मिक गरजा ओळखणे हे काम असेल, तर ते कामाच्या तासांत, पुरेशा मनुष्यबळात आणि मोबदल्यासह व्हावे.

जुन्या नोंदी

ब्रदर, तुमच्या मुद्द्याला इतिहासाचाही आधार आहे. दीपप्रज्वलनाच्या दिवशी जी नाइटिंगेल शपथ घेतली जाते ती नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका प्रशिक्षण शाळेत तयार झाली आणि तिची सुरुवात ईश्वराला साक्षी ठेवून होते. खुद्द नाइटिंगेल अत्यंत श्रद्धाळू होत्या आणि तरुणपणी आपल्याला ईश्वराची हाक आली असे मानत होत्या. तरीही १८५४ साली क्रिमियन युद्धाच्या वेळी ३८ स्त्रियांचे पथक घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, तेव्हा त्यात कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनी होत्या, रुग्णालयांत पगारावर काम करणाऱ्या परिचारिकाही होत्या, आणि जखमी सैनिकांमध्ये धर्मप्रचार करायचा नाही यावर त्या ठाम होत्या. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने सुरू झालेल्या शाळेने परिचर्या हा प्रशिक्षित स्त्रीचा व्यवसाय म्हणून उभा केला.

आपल्याकडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाने विधवा आणि निराधार स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. नावात ‘सेवा’ असली तरी तिथे शिकलेल्या स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करणे हाच हेतू होता. सेवा आणि वेतन यांचे वैर नंतर लावले गेले, आणि ते कोणाच्या सोयीचे होते हे उघड आहे.

खारघरकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझ्या सासूबाईंना कर्करोग होता आणि शेवटचे काही महिने त्या आमच्याकडे होत्या. घरी येणाऱ्या उपशामक (त्रास कमी करणाऱ्या, पॅलिएटिव्ह) सेवेच्या सिस्टरबद्दल लिहितो, कारण धाग्याच्या मूळ प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन दर ४ तासांनी लिहून दिले होते. सासूबाई ते घेत नसत. आम्ही विनवण्या केल्या, रागावलो, दुधातून देण्याचाही विचार केला. ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे’ एवढेच त्या म्हणत. सिस्टरने त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांचा हात हातात घेऊन ‘आई, औषध घेतले तर काय होईल असे वाटते?’ असे विचारले. मग उलगडले ते असे : शेजारच्या कोणीतरी त्यांना सांगितले होते की या औषधाने माणूस गुंगीतच जातो, आणि शेवटच्या श्वासाला मुखात नाम असावे ही त्यांची जन्मभराची इच्छा होती. गुंगीत नाम कसे घेणार? भोगाची भाषा त्यांनी या भीतीवर पांघरूण म्हणून घातली होती.

सिस्टरने डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते, हे डॉक्टरांनी त्यांना स्वतः समजावले आणि मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात केली. पहाटेचा डोस त्यांच्या जपाच्या वेळेआधी तासभर येईल असा बसवला. चौथ्या दिवशी त्या टेकून बसल्या आणि पूर्ण माळ ओढली. त्याआधी कित्येक आठवडे दुखण्यामुळे त्यांना निम्मी माळही होत नव्हती. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी, ज्या आधी परिचारिका होत्या, नंतर डॉक्टर झाल्या आणि ज्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारले, शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक वेदना एकत्र मिळून ‘संपूर्ण वेदना’ होते असे मांडले होते, हे मला त्याच सिस्टरकडून कळले.

ट्यूटर मॅडम, त्या सिस्टरने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. आम्ही घरचे असूनही तो आम्हाला सुचला नाही, कारण आम्हाला औषध पाजायची घाई होती.

निरीश्वर ठाणेकर

खारघरकर, हे वाचून माझा विरोध बराच बोथट झाला, हे मान्य करतो. इथे सिस्टरने रुग्णाच्या श्रद्धेला शास्त्रीय उपचारांच्या आड येऊ दिले नाही आणि श्रद्धेची टिंगलही केली नाही. मात्र याला ‘अध्यात्म’ म्हणण्याऐवजी चांगला संवाद म्हणून शिकवले तर माझ्यासारख्यांना स्वीकारायला सोपे जाईल.

वाशीची ट्यूटर

संवादकौशल्याचा तास आपल्याकडे आहे, आणि त्यात ‘नमस्कार, मी तुमची विद्यार्थिनी परिचारिका’ इथपर्यंतच गाडी जाते. ‘मला मरणाची भीती वाटते’ किंवा ‘देवाने माझ्याकडे पाठ फिरवली’ असे ऐकल्यावर पुढे काय, याची तयारी वेगळी करून घ्यावी लागते. म्हणून मला हा विषय त्याच्या नावानिशी हवा आहे.

दुसऱ्या सत्रातली

मी विद्यार्थिनी आहे आणि ‘रुग्ण हिंदू आहे, देवावर श्रद्धा आहे’ हे मीही लिहिते. खरे सांगायचे तर आमचे वय एकोणीस-वीस, आणि समोर आजोबांच्या वयाचे गृहस्थ. त्यांना ‘तुमच्या आयुष्याचा अर्थ काय वाटतो?’ असे विचारायचे म्हणजे लाज वाटते. शिवाय कर्करोगाच्या पोस्टिंगला बंगाल, बिहारकडून आलेले रुग्ण असतात; आमचे हिंदी जेमतेम आणि बंगाली तर शून्य. पुस्तकातली प्रश्नावली मराठीत करून वाचली तर रुग्ण आमच्याकडेच काळजीने बघायला लागतो. नेमके कोणते वाक्य बोलायचे ते सांगाल का?

वाशीची ट्यूटर

बाळ, आयुष्याचा अर्थ मुळीच विचारू नकोस. अमेरिकेतील डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांची जी प्रश्नावली शिकवली जाते, तिचे चार धागे आहेत : श्रद्धा, तिचे आयुष्यातले महत्त्व, सोबतीचा समाज, आणि उपचारांत याची दखल कशी घ्यावी. ती जशीच्या तशी वाचायची नसते. सकाळी अंग पुसताना किंवा ड्रेसिंग करताना, हात कामात आणि पडदा ओढलेला असताना, मी विचारते ती वाक्ये अशी : ‘आजोबा, घरी सकाळी उठल्यावर आधी काय करता?’ यातून पूजा, नमाज, बुद्धवंदना, प्रार्थना, फिरायला जाणे, नातवाला शाळेत सोडणे, जे असेल ते येते. ‘इथे आल्यापासून त्यातले काय राहून गेले?’ ‘फार कठीण वाटते तेव्हा कोणाची आठवण येते?’ आणि शेवटी, ‘यातले आम्हाला काही करता येईल का?’ उत्तर ‘काही नको’ असे आले तर तेही लिहायचे आणि विषय सोडायचा.

भाषा येत नसेल तर नातेवाइकाला दुभाषा करताना जपून कर. मुलासमोर बाप मरणाचे बोलणार नाही. वॉर्डात त्या भाषेची एखादी सिस्टर, ब्रदर किंवा समाजसेवा अधीक्षक असेल तर त्यांना आधी विचार.

या सत्रात मी एक बदल करत आहे. प्रत्येक गटासमोर मी स्वतः एका रुग्णाशी, त्याची संमती घेऊन, असे बोलून दाखवणार आहे. त्यानंतर प्रत्येकीने एका रुग्णाशी बोलायचे आणि केअर प्लॅनच्या त्या रकान्यात धर्माचे नाव न लिहिता रुग्णाचे एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचे, आणि त्यामुळे परिचर्येत कोणता बदल केला ते पुढे लिहायचे. बदल काहीच झाला नसेल तर का नाही, तेही चालेल. गुण या दोन गोष्टींना. केस प्रेझेंटेशनला मी वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांना बोलावणार आहे, कारण मुली शेवटी त्यांचेच बघून शिकतात.

दुसऱ्या सत्रातली

मॅडम, एक शेवटची शंका. रुग्णाने अगदी खासगी काही सांगितले, म्हणजे भावाशी मालमत्तेवरून झालेले भांडण किंवा जुनी चूक, तर त्याच्याच शब्दांत तेही लिहायचे का? केस शीट नातेवाईकही चाळतात.

निवृत्त परिसेविका

नाही. कारण लिहायचे नाही, गरज लिहायची. ‘रुग्णाला भावाला भेटण्याची तीव्र इच्छा आहे, रात्री झोप नाही, भेटीची व्यवस्था करण्याविषयी मुलाशी बोलणे झाले’ एवढे पुरते. मुलाशी बोलण्याआधी रुग्णाची परवानगी घ्यायची. भांडण कशावरून होते, ते तुझ्यापाशीच राहू दे. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरलाही सांगायचे नाही. मात्र जीव द्यावासा वाटतो असे रुग्ण बोलला, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचे नाही. इनचार्ज सिस्टर आणि डॉक्टर यांना त्याच क्षणी सांगायचे, आणि आपण सांगणार आहोत हे रुग्णालाही सांगायचे.